मन देवात लागेनासं झालं तर काय करावं

हरिपाठ तोंडपाठ असतो, ओठ हलतात, पण आत काहीच हलत नाही. समोरची विठ्ठलाची तसबीर नुसती तसबीर दिसते. कुणाचं घरातलं माणूस गेल्यावर असं होतं, कुणाचं आपल्या महाराजांबद्दल नको ते कळल्यावर, कुणाचं ध्यानाच्या शिबिरातून परतल्यावर, तर कुणाचं काहीही न घडता. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी वारकरी घरात वाढलो आणि अजूनही भजनी मंडळात उभा राहतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक त्याच अंगणातली येतील. तुमचा देव वेगळा असेल किंवा तुम्ही देवाऐवजी ध्यान धरत असाल, तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

सगळ्यात आधी एवढंच सांगतो की देव आहे की नाही, इतकी वर्षं केलं ते खरं होतं की खोटं, याचा निकाल लावायची ही वेळ नव्हे. आधी देह सांभाळायचा, मग हाताला काम द्यायचं, मग माणसांत जायचं, मग शब्दांकडे वळायचं. निकाल सर्वांत शेवटी. हा क्रम मी तुकोबांकडून घेतला आहे.

तुकोबांची वाट

संतांनी विचारलं म्हणून तुकोबांनी आपली हकीकत एका अभंगात सांगून ठेवली आहे. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा तो अभंग. आईवडील गेले. १६३०च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला, त्यात पैसा आटला, मान गेला आणि ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. व्यवसायात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली. माणूस मोडून पडायला याहून जास्त काय लागतं?

पुढे त्यांनी काय केलं, ते सावकाश वाचा. देवाचं देऊळ भंगलेलं होतं, त्याचं काम करावंसं मनात आलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, आणि त्या वेळी चित्त अभ्यासात नव्हतं हे स्वतःच सांगतात. मग संतांची काही वचनं पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांचं ध्रुपद, म्हणजे अभंगात फिरून फिरून येणारी ओळ, मागे धरलं. शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. खऱ्याखोट्याला आपलं मन साक्षी ठेवलं, बहुमत मानलं नाही. स्वप्नातला गुरूपदेश येतो तो या सगळ्यानंतर, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर.

कीर्तनांतून आपण साक्षात्कार आणि तरलेल्या वह्या एवढंच ऐकत आलो, त्यामुळे मधली ही वर्षं डोळ्यांआड होतात. नवख्या माणसाच्या कामाची मात्र तीच आहेत. ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’ हे चार शब्द मला गाथेतले सर्वांत दिलासा देणारे शब्द वाटतात. चित्त लागण्याची वाट न पाहता तुकोबा उभे राहिले होते.

पहिली पायरी: आधी देहाची चौकशी

झोप किती लागते? जेवण जातं का? लहान मूल जवळ आलं तर हसू येतं का? कोरड्या मनाच्या माणसाला देवाचं काही वाटत नाही, पण चहाची चव कळते, नातवाचं कौतुक वाटतं, क्रिकेटचा निकाल विचारावासा वाटतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी नसेल, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, भूक मेली असेल, तर हा प्रश्न एकट्या अध्यात्माचा नाही. डॉक्टरांकडे जा. जाल तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी करावी का, हेही विचारा. शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता बरीच आढळते आणि तिने थकवा, उदासी, विसरभोळेपणा येतो. नामस्मरणात मन लागत नाही म्हणून स्वतःला पापी ठरवणारा माळकरी खरं तर इंजेक्शनाच्या गरजेचा असू शकतो.

याच्या उलटही एक प्रकार असतो. तीन-चार रात्री झोप नाही आणि तरी अंगात प्रचंड उत्साह, बोलणं थांबत नाही, ‘देवानं मला निवडलंय’ अशी खात्री, कानात आज्ञा ऐकू येणं, घरदार वाटून टाकायची घाई. घरच्यांना हा अनुग्रह वाटतो आणि उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. अशा वेळी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. खरा अनुग्रह असेल तर तो औषधाने पळून जाणार नाही.

आणि एक गोष्ट आपल्या भाषेमुळे लपते, म्हणून मुद्दाम सांगतो. ‘आता देह ठेवावा’, ‘देवानं उचलावं’, ‘माझं कार्य संपलं’, ‘समाधी घ्यावीशी वाटते’ ही वाक्यं आपल्याकडे विरक्ती म्हणून ऐकली जातात, कधी कधी त्यांच्या पायाही पडलं जातं. माणूस एकीकडे असं बोलतोय आणि दुसरीकडे वस्तू वाटतोय, हिशेब मिटवतोय, जेवण टाळतोय, असं दिसलं तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते. स्वतःला असे विचार येत असतील तर हा लेख इथेच बाजूला ठेवून आधी तो फोन करा. अमेरिकेत असाल तर ९८८, इंग्लंडमध्ये ११६१२३.

डॉक्टर आपल्या श्रद्धेला वेड म्हणतील, अशी पुष्कळांना भीती असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी वेगळी नोंद घातली, आणि ती मानसिक आजारांत धरलेली नाही. श्रद्धा हरवणं हा आजार नसतो, हे त्या शास्त्रालाही मान्य आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘मी माळकरी आहे, मला नाम सोडायचं नाही, पण मला झोप हवी.’ चांगले डॉक्टर हे ऐकून घेतात.

चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. मधुमेह असेल तर निर्जळी उपास करायचे नाहीत.

दुसरी पायरी: पेच कुठला आहे ते ओळखा

सगळे एकाच तोंडाने ‘मन लागत नाही’ म्हणतात, पण आतली कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

शोक असेल तर तो शोक म्हणूनच भोगावा लागतो. बायको, नवरा, लेकरू गेल्यावर पहिलं वर्ष देवाजवळ काही सापडलं नाही, यात विशेष काही नाही. ‘देवाला आवडला म्हणून नेला’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांचा राग येणं हेही साहजिक आहे. या माणसाला तत्त्वज्ञान देऊ नये. त्याचं स्वयंपाकपाणी बघावं, गेलेल्याचं नाव घेऊन बोलू द्यावं.

नुसता कोरडेपणा, म्हणजे घडलं काहीच नाही पण गोडी गेली, हा प्रकार जुन्या साधकांना चांगला माहीत असतो. मंडळातल्या एखाद्या वयस्कर विणेकऱ्याला एकट्यात विचारून बघा. ‘मलाही झालं होतं’ असंच बहुधा ऐकायला मिळेल. चारचौघांत हे कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला आपणच एकटे वाटतो.

शंका बुद्धीची असेल, म्हणजे पुराणातल्या गोष्टी पटत नाहीत, कर्मसिद्धांतात अन्याय दिसतो, तर ती दाबू नका. वाचा, विचारा. बुद्धीची भूक टाळ कुटून भागत नाही.

आणि कधी कधी पेच आपल्या आत नसतोच. चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, देवळाबाहेर आहे. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असं उपोषण करावं लागलं. ज्या जागी तुमच्या जातीचा, बाई असण्याचा किंवा विधवापणाचा अपमान झाला, तिथे मन लागत नसेल तर खोट तुमच्या भक्तीत नाही. अशा माणसाला ‘अजून साधना वाढव’ म्हणून सांगणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होतो.

तिसरी पायरी: काही दिवस काही गोष्टी करायच्या नाहीत

माळ तोडून टाकायची नाही. नवी दीक्षाही घ्यायची नाही. नोकरी सोडायची नाही, जमीन कुठल्या आश्रमाच्या नावे करायची नाही, लग्न मोडायचं नाही, पोथ्या रद्दीत द्यायच्या नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारा वाजता ‘मी आता नास्तिक’ असं जाहीरही करायचं नाही. एकवीस दिवसांचं कडक अनुष्ठान करून देवाला भाग पाडू, हा विचार तर सोडाच. थकलेलं मन त्याने आणखी थकतं आणि शेवटी ‘एवढं करूनही काही नाही’ असं नवं दुःख पदरी येतं.

नित्यनेम कमी करा, पण पुरता बंद करू नका. अख्खा हरिपाठ जात नसेल तर एक अभंग म्हणा. ज्ञानोबा देवाच्या दारात क्षणभरच उभं राहायला सांगतात, तेवढं पुष्कळ आहे. तेही जड जात असेल तर दिवा लावा आणि गप्प बसा. दिवाही नको वाटला तर घरातल्या दुसऱ्या कुणी तो लावावा, तुम्ही त्याच खोलीत असलात तरी चालेल.

सोडून जाणंही प्रामाणिक असू शकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ला. एवढ्या तीव्र वेदनेतून आलेल्या निर्धारालाही त्यांनी एकवीस वर्षं अभ्यासाची आणि विचाराची जोड दिली. आपल्याला एकवीस वर्षं लागणार नाहीत, पण एका आठवड्यात धर्म सोडायची किंवा धरायचीही गरज नसते.

चौथी पायरी: हात कामाला लावा

तुकोबांनी सुरुवात देवळापासून केली, म्हणून मीही प्रत्येकाला आधी काम सांगतो. भाव लागत नसेल अशाही माणसाला झाडू मारता येतो. गावातल्या देवळात पहाटे काकडआरतीच्या आधी झाडलोट, पाणी शिंपडणं, समया घासणं अशी कामं असतात आणि माणसं नेहमीच कमी पडतात.

मी स्वतः टाळ घासायचं काम सुचवतो. मंडळाचे टाळ काळवंडलेले असतात. चिंचेचा कोळ आणि थोडं मीठ लावून अंगठ्याने वाटीच्या आतल्या बाजूला गोल गोल चोळत गेलं की आधी हिरवट पाणी सुटतं, मग पितळेचा पिवळा रंग दिसू लागतो. मधल्या भोकाशी मळ बसलेला असतो, तिथे काडीला चिंधी गुंडाळून घालावी लागते. धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसले नाहीत तर डाग पडतात. जुनी दोरी झिजलेली असेल तर नवी ओवायची, आणि गाठ अशी बसवायची की वाजवताना बोटाला काचू नये. तास-दीड तास यात जातो आणि तेवढा वेळ डोक्यातली चक्की थांबते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच टाळ हातात घेऊन वाजवतं, तेव्हा आपण केलेलं काम ऐकू येतं.

देवळात जायचीच इच्छा नसेल तर देवळाचं नाव नसलेलं काम घ्या. सरकारी दवाखान्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना डबे देणारी मंडळी असतात, त्यांच्यात पोळ्या लाटा. शेजारच्या आजींचं औषध आणून द्या. काम अंगमेहनतीचं असावं, ठरलेल्या वेळचं असावं आणि दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं असावं. फोनवर सुविचार पाठवणं यात धरू नका.

पाचवी पायरी: मागच्या रांगेत ध्रुपद धरा

हीच पायरी सर्वांत जास्त लोकांना उपयोगी पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे, त्यांच्या जवळ पखवाज, मागे विणेकरी आणि टाळकरी. कीर्तनकार अभंगाचं चरण घेतात, निरूपण करतात, आणि फिरून ध्रुपदावर आले की टाळकरी ते उचलतात. ध्रुपद तेच तेच असतं. ते धरायला विद्वत्ता लागत नाही, गळा लागत नाही, त्या क्षणी विश्वासही लागत नाही. बाजूच्याचा पाय ज्या लयीत पडतो त्या लयीत आपला टाकायचा, एवढंच. तुम्ही एक ओळ चुकवली तरी भजन थांबत नाही, कारण ते बारा-पंधरा जणांच्या खांद्यावर असतं. एकट्याने देवघरात बसलं की भक्तीचं सगळं ओझं आपल्या एकट्या मनावर येतं. रांगेत ते वाटलं जातं.

करायचं असं: आठवड्यातून एक वार ठरवा. गुरुवारचं भजन असो, एकादशीचं कीर्तन असो, संध्याकाळचा हरिपाठ असो. मागच्या रांगेत, शक्यतो दाराजवळ उभे राहा, म्हणजे नको वाटलं तर निघता येतं. टाळ घ्या. म्हणवत नसेल तर नुसते वाजवा. डोळे मिटून भाव आणायचा प्रयत्न करू नका, पखवाज्याच्या हाताकडे बघा. संपल्यावर लगेच पळू नका. सतरंजी गुंडाळायला हात लावा, चहा होईपर्यंत थांबा. पुष्कळदा खरं बोलणं त्या चहाच्या वेळी होतं.

रडू आलं तर येऊ द्या. भजनात रडणाऱ्याकडे आपल्याकडे कुणी वळून बघत नाही, ही फार चांगली रीत आहे.

वारीचाही असाच उपयोग होतो. आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना रोजचा दिवस ठरलेला असतो: चालणं, भजन, जेवण, मुक्काम. काय करावं हे मनाला विचारायची वेळच येत नाही. पण नवख्याने मोडलेल्या अवस्थेत एकदम अख्खी वारी धरू नये. ओळखीच्या दिंडीबरोबर एक-दोन टप्पे चालून बघावेत, आणि आपली अवस्था दिंडीतल्या निदान एकाला सांगून ठेवावी.

परदेशात असाल आणि जवळ मंडळ नसेल तर ऑनलाइन हरिपाठात बसा, पण महिन्यातून एकदा तरी माणसांत प्रत्यक्ष जा, मग ते कुठल्याही भाषेतलं भजन असो. पडद्यावर बाजूच्याचा पाय दिसत नाही.

सहावी पायरी: देवाशी भांडा

देवावर रागावणं हे पाप आहे असं समजून पुष्कळ लोक राग गिळतात आणि मग सगळंच बधिर होतं. आपल्या परंपरेत ही भीती बाळगायचं कारण नाही. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ अशी हाक आहे आणि पुढे त्याहून कडक शिव्या आहेत. तुकोबांनी ‘माझे लेखीं देव मेला’ म्हटलं, धरणं धरलं. चोखोबांनी मला असा जन्म का दिलास म्हणून जाब विचारला. यांतल्या कुणालाही वारकऱ्यांनी वाळीत टाकलं नाही. त्यांचे अभंग रोज गातात.

एक शंभर पानी वही घ्या. वर ‘विठोबास’ लिहा, किंवा ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव लिहा, आणि लिहीत सुटा. शुद्धलेखन, मर्यादा, कृतज्ञता यांचा विचार नको. ‘तू माझ्या पोरीला का नेलंस’ हेच वाक्य पानभर लिहावंसं वाटलं तर पानभर लिहा. वही कुणाला दाखवायची नाही. रात्री झोपण्याआधी मात्र लिहू नका, झोप उडते. संध्याकाळची वेळ बरी.

सातवी पायरी: एक ऐकणारा शोधा, आणि लुटणाऱ्यापासून सावध राहा

परंपरेत सांगतात की नामदेवांना तेरच्या गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलं. दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. कथा कशीही घ्या, त्यात एक गोष्ट पक्की आहे: इतक्या मोठ्या भक्तालाही दुसऱ्या माणसाकडे जावं लागलं.

तो माणूस घरातला नसावा, आणि तुमच्या पैशावर किंवा मानावर ज्याचा काही हक्क आहे असाही नसावा. मंडळातले वयस्कर काका, शाळेतल्या जुन्या बाई, समुपदेशक, कुणीही चालेल. तो ऐकतो का, ऐकलेलं बाहेर नेत नाही ना, ‘मला हे पटत नाही’ म्हटल्यावर चिडत नाही ना, डॉक्टरांकडे जायला अडवत नाही ना, हे बघा. पहिल्याच भेटीत उपाय सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

मोडलेला माणूस लुटणाऱ्यांना दुरून ओळखू येतो. ‘तुमच्यावर कुणीतरी केलंय’, ‘पितृदोष आहे, एवढा खर्च येईल’, ‘घरी सांगू नका, फळ जाईल’, ‘गोळ्या बंद करा’, ‘एकट्याच खोलीत या’. यांतलं एक वाक्य कानावर पडलं तरी उठून बाहेर या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३च्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं, साखळीने बांधणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून शरीरसंबंध ठेवणं असे प्रकार त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. पोलीस ठाण्याच्या पातळीवर दक्षता अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे करता येते. भजन, कीर्तन, वारी यांना हा कायदा हात लावत नाही.

ज्यांचा पेचच मुळी गुरूमुळे आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. बारा-पंधरा वर्षं ज्यांच्या पायावर डोकं ठेवलं त्या माणसाने पैशात किंवा बायकांच्या बाबतीत घाण केली, हे कळल्यावर गुरू जातो, त्याच्याबरोबर गुरुबंधू जातात, रविवारची सकाळ जाते, मुलांची नावं ज्याने ठेवली तो माणूस जातो. लोक म्हणतात ‘बरं झालं, डोळे उघडले’, आणि आपल्याला रडायचं असतं. रडा. तुमचं प्रेम खरं होतं. जे पाहिलं, ऐकलं ते तारखांसकट लिहून ठेवा, मेसेज आणि पावत्या पुसू नका, आणि ज्यांना तुमच्याहून जास्त इजा झाली असेल त्यांच्या बाजूने उभे राहा. त्या गुरूने दिलेलं नाम चालू ठेवायचं की नाही, हे आज ठरवू नका. ते नाम त्याच्या मालकीचं कधीच नव्हतं. तरी उच्चारताना किळस येत असेल तर काही काळ बाजूला ठेवा, काही बिघडत नाही. त्याच संस्थेतल्या लोकांनी ‘गुरुनिंदेचं पाप’ म्हणून धाक घातला तर फोन उचलू नका.

ध्यानातून भीती उठली असेल तर

गेल्या काही वर्षांत हे जास्त ऐकू येतं. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६पासून चालू आहे आणि तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक असते, मौन असतं. पुष्कळांना त्याचा मोठा लाभ होतो. काहींना मात्र तिथे किंवा घरी परतल्यावर अंग आपलं न वाटणं, कारण नसताना धडकी भरणं, जुने आघात डोळ्यांसमोर येणं असं होतं. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरं लिहा. प्रवेश मिळावा म्हणून लपवणं फार महागात पडू शकतं.

त्रास सुरू झाला तर ‘जोर लावून पार करू’ असं करू नका. आचार्यांना लगेच सांगा. घरी असाल तर डोळे मिटून बसणं, श्वास रोखण्याचे प्रकार, रात्रीची साधना हे सगळं थांबवा. पोटभर गरम वरणभात जेवा, अनवाणी अंगणात चाला, थंड पाण्यात पाय सोडा, गप्पा मारा. चार-पाच दिवसांत ओसरलं नाही किंवा झोप गेली तर पहिल्या पायरीवर सांगितल्याप्रमाणे डॉक्टर. ध्यान पुढे पुन्हा करता येईल, दहा मिनिटांपासून आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली.

घरच्यांसाठी

‘नवस फेडला नाहीस म्हणून झालं’ असं म्हणू नका. ओढून भगताकडे नेऊ नका. त्याच्यासमोर शेजाऱ्यांना ‘आमचा हल्ली देवाला हातच जोडत नाही’ असं सांगू नका. आईने ‘जेवलास का रे बाळा’ विचारावं, मुलाने ‘बाबा, तुम्ही नका बसू पूजेला, आज मी करतो’ म्हणावं. घरातली पूजा चालू राहू द्या, पण त्याने प्रसाद घेतला की नाही याचा हिशेब ठेवू नका.

आठवी पायरी: निकाल

वहीच्या मागच्या पानापासून दर एकादशीला तीन ओळी लिहा: या पंधरवड्यात झोप कशी होती, कुणाशी खरं बोललो, आणि कुठल्या क्षणी थोडं हलकं वाटलं. तिसऱ्या ओळीवर लक्ष ठेवा. आषाढी ते कार्तिकी एवढा काळ गेला की तिथे काहीतरी आकार दिसू लागतो. कुणाला दिसतं की हलकं वाटलं ते नेहमी भजनातच. कुणाला दिसतं की ते डबे वाटताना वाटलं, देवळात कधीच नाही. कुणाला दिसतं की औषधं सुरू झाल्यापासून सगळंच सुधारलं आणि देवाचा प्रश्न मुळात एवढा मोठा नव्हता. आता ठरवा. दुसऱ्यांची मतं ऐका, पण साक्ष आपल्या मनाची घ्या, बहुमताची नको.

परत यायचं असेल तर पूर्वीचाच सगळा नेम पुन्हा अंगावर घेऊ नका, जे जिवंत राहिलं तेवढंच धरा. माळ उतरवायची ठरली असेल तर ज्यांच्या हातून घातली त्यांच्याकडे जा, नमस्कार करा, कारण सांगा आणि त्यांच्या हाती द्या. ते हयात नसतील तर मंडळातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे द्या. रागावतील कदाचित, पण तोंड चुकवून गेल्याने मागे जी माणसं तुटतात ती अशी तुटत नाहीत, आणि गुरुवारच्या चहाला तुम्ही तरीही येऊ शकता. अजूनही काहीच ठरत नसेल तर न ठरवता पुढच्या आषाढीपर्यंत ध्रुपद धरत राहा. मंडळात असे पुष्कळ आहेत.

हे एकदाच होतं असंही नाही. वह्या बुडवल्या गेल्या आणि तुकोबा धरणं धरून बसले, तेव्हा त्यांची कीर्तनं आणि अभंग सुरू होऊन बराच काळ लोटला होता. म्हणून वही टाकून देऊ नका. तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: तुमच्या डॉक्टरांचा नंबर, ऐकून घेणाऱ्या माणसाचं नाव, आणि जवळच्या भजनाचा वार व वेळ.